घरातल्या रॅकवर पालेभाजी : सोलापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एवढ्याशा खोलीत खरंच भाजी निघते का?

निघते, पण कोणती आणि किती, हे आधी स्पष्ट करून घ्या. चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि सात फूट उंच रॅकला जमिनीवर सहा चौरस फूट जागा लागते. त्यावर चार मजले चढवले की लागवडीला चोवीस चौरस फूट मिळतात. एवढ्यात चार माणसांच्या घराची सगळी भाजी होणार नाही. मात्र कोथिंबीर, पुदिना, मेथीची कोवळी पेंडी, माठ आणि रोज ताटात वाढायला मूठभर कोवळे अंकुर (मुळा, मोहरी यांची आठ-दहा दिवसांतच कापून खायची इवली रोपं) एवढं नियमित मिळतं. वांगी, टोमॅटो, दोडका यांच्यासाठी हा रॅक नाही. फळभाजीला जितका उजेड लागतो तितका घरात द्यायचा म्हटलं तर वीजबिल भाजीपेक्षा महाग पडेल.

सोलापुरात याची खरी किंमत मे महिन्यात कळते. पारा ४२ च्या पुढे गेला की मंडईतली कोथिंबीर सकाळी दहालाच माना टाकते, आणि पेंडी लहान होऊन भाव चढतो. त्या दिवसांत घरातली ताजी पालेभाजी चैन वाटत नाही.

रॅक कोणता घ्यावा? तयार की बनवून?

स्लॉटेड अँगलचा, भोकं असलेल्या पट्ट्यांचा, नटबोल्टने जोडायचा रॅक सगळ्यात सोयीचा. दुकानात, गोडाऊनमध्ये माल ठेवायला असतो तोच. पत्रे हव्या त्या उंचीवर सरकवता येतात, आणि या कामात हीच गोष्ट सगळ्यात उपयोगी पडते. चादरी-टॉवेलच्या एखाद्या गोडाऊनमधून निघालेला जुना रॅक मिळाला तर बिनधास्त घ्या. गंज खरवडून काढा, प्रायमर मारा आणि वर पांढरा ऑइलपेंट द्या. पांढरा रंग उजेड परत फेकतो, शिवाय पाण्यापासून पत्रा वाचतो.

नवा घेताना पत्र्याचा गेज विचारा. गेजचा आकडा जितका कमी तितका पत्रा जाड : २० गेजचा पत्रा २४ पेक्षा भक्कम. चार फुटी पत्रा मधोमध वाकतो, म्हणून खालून एक आडवी पट्टी मारून घ्या. कोपऱ्यांना तिकोनी प्लेटा लावायला दुकानदार बहुतेक वेळा टाळतो. त्या हट्टानं लावून घ्या, नाहीतर रॅक बाजूला झुकतो.

लाकडी फळ्या नकोत. ओल लागून फुगतात, आणि आपल्याकडे वाळवीही कमी नाही.

मजल्यांची उंची किती ठेवायची?

सगळे मजले सारखे ठेवायचा मोह होतो, पण तसं करू नका. सात फुटी रॅकसाठी हे माप चांगलं बसतं : पहिला पत्रा जमिनीपासून ८ इंचांवर, दुसरा २८ वर, तिसरा ४८ वर, चौथा ६३ वर आणि शेवटचा ७८ वर. खालच्या दोन मजल्यांना वीस-वीस इंच मोकळे मिळतात, तिथे कुंड्या-क्रेट ठेवून पालेभाजी लावायची. वरच्या दोन मजल्यांना पंधरा इंच मिळतात, तिथे अंकुरांचे पसरट ट्रे. सगळ्यात वरच्या पत्र्यावर काहीच ठेवायचं नाही, त्याच्या खालच्या बाजूला फक्त ट्यूब लावायच्या.

या मांडणीत जड कुंड्या खाली आणि हलके ट्रे वर राहतात. शिवाय गरम हवा वर चढते, त्यामुळे वरच्या आणि खालच्या मजल्यात दोन-तीन अंशांचा फरक सहज पडतो. कोथिंबीर आणि पालक थंडाव्याचे भुकेले, म्हणून ते खाली. जमिनीलगतचे आठ इंच फरशी पुसायला आणि सांडलेलं पाणी दिसायला मोकळे ठेवा.

वजन किती होतं? आमचं घर वरच्या मजल्यावर आहे.

हा प्रश्न आधी विचारणारे कमी, पण तो आधीच विचारायला हवा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. ओल्या कोकोपीटने (नारळाच्या काथ्याच्या भुशाने) भरलेला, तीन सेंटिमीटर जाडीचा एक ट्रे साधारण तीन-चार किलो भरतो, म्हणजे चार ट्रेचा मजला पंधरा किलोपर्यंत. पालेभाजीच्या मजल्यावर दहा सेंटिमीटर खोलीचं माध्यम धरलं तर पन्नास किलोच्या आसपास. दोन मजले पालेभाजी, दोन मजले अंकुर आणि रॅकचं स्वतःचं वजन मिळून पावणेदोनशे किलोच्या घरात जातं.

आरसीसी स्लॅबला हे जड नाही. राहत्या घराचा स्लॅब दर चौरस मीटरला सुमारे दोनशे किलो चालता भार संपूर्ण खोलीभर धरून आखलेला असतो. तरीही रॅक खोलीच्या मधोमध न ठेवता भिंतीला, शक्यतो बीमजवळ ठेवा. जुन्या पेठांमधलं माळवदाचं घर असेल तर वरच्या मजल्यावर अजिबात नको, तळमजल्यावर ठेवा. पायांखाली लोखंडी चौकोनी तुकडे द्या, नाहीतर शहाबादी फरशीचा कोपरा टिचतो. आणि रॅक वरच्या बाजूला भिंतीत गिट्टी ठोकून स्क्रूने बांधाच. घरात लहान मूल असेल तर ते त्यावर चढणार, हे धरूनच चाला.

आमची खोली पत्र्याची आहे. जमेल का?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी मजेत जमेल. मार्चनंतर पत्र्याखालची खोली दुपारी बाहेरच्यापेक्षाही तापते आणि तिथे पालेभाजी तग धरत नाही. पत्र्यावर पांढरा चुना किंवा उष्णता परतवणारा रंग दिला, खालून छत मारलं तर फरक पडतो, पण एप्रिल-मे मध्ये फक्त माठ-राजगिऱ्यासारखी उन्हाळी भाजीच धरा. घरात माणसालाच दुपारी बसवत नाही अशी खोली असेल तर रॅक तिथे नको. सैपाकघराच्या बाजूचा पॅसेज बरा.

लाइट कोणते? जांभळे लाइटच लागतात का?

नाही. साध्या पांढऱ्या एलईडी ट्यूब चालतात. चार फुटी, २० वॅटची, ६५०० केल्विनची ट्यूब कोणत्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळते आणि साधारण दोन हजार ल्युमेन उजेड देते. जांभळ्या उजेडात पानाचा खरा रंगच दिसत नाही. पिवळेपणा, ठिपके, मावा या गोष्टी वेळीच नजरेस पडणं जास्त महत्त्वाचं आहे.

आता हिशोब. आपल्या मजल्याचं क्षेत्र साधारण ०.५६ चौरस मीटर. दोन ट्यूबचे मिळून चार हजार ल्युमेन, त्यातला सत्तर टक्के उजेड पानांवर पडतो असं धरलं तर पाच हजार लक्सच्या (लक्स म्हणजे दर चौरस मीटरवर पडणारे ल्युमेन) आसपास मिळतो. अंकुरांना एवढा पुरतो. पालेभाजीला दहा हजार लक्स तरी हवा, म्हणजे चार ट्यूब. भर दुपारी उघड्यावर एक लाख लक्सच्या घरात उजेड असतो. डोळ्यांना खोली लख्ख दिसते, पण झाडाला ती संध्याकाळच वाटत असते. मोबाइलवर लक्स मोजणारी अॅप मोफत मिळतात. अगदी अचूक नसतात, पण दोन कोपऱ्यांमधला फरक दाखवायला पुरेशी आहेत.

ट्यूब घेण्याआधी रॅकच्या उभ्या अँगलच्या आतलं अंतर टेपने मोजा. नावाला चार फुटी रॅक आतून थोडा कमी भरतो. ट्यूब पत्र्याला घट्ट ठोकू नका, साखळीवर किंवा तारेच्या आकड्यावर टांगा, म्हणजे खाली-वर करता येते. अंकुरांपासून सहा इंच, पालेभाजीच्या शेंड्यापासून सहा ते आठ इंच. रोपं बारीक, उंच आणि पांढुरकी होऊन लवायला लागली की उजेड कमी पडतोय. ट्यूब खाली घ्या.

वीजबिल किती वाढेल?

अंकुरांचे दोन मजले, प्रत्येकी दोन ट्यूब : ८० वॅट. पालेभाजीचे दोन मजले, प्रत्येकी चार ट्यूब : १६० वॅट. एकूण २४० वॅट. रोज बारा तास चालवले तर २.८८ युनिट, महिन्याला ८६ युनिटच्या आसपास. तुमच्या बिलावरच्या वरच्या स्लॅबच्या दरानं याला गुणा, कारण हे युनिट आधीच्या वापरावर चढतात आणि कदाचित पुढच्या स्लॅबमध्ये नेतात. ही रक्कम पाहून विचार करावासा वाटला तर आधी अंकुरांचे दोनच मजले लावा. त्यांना महिन्याला २९ युनिट पुरतात.

लाइट दिवसा लावायचे की रात्री?

रात्री! या पानावरची एकच गोष्ट लक्षात ठेवणार असाल तर ही ठेवा. पुण्या-मुंबईच्या लोकांनी सांगितलेलं वेळापत्रक इथे जसंच्या तसं उचलू नका. २४० वॅटच्या ट्यूब खोलीत जवळपास २४० वॅटची उष्णता सोडतात. दुपारी खोली आधीच तापलेली असताना त्यात ही भर कशाला? मार्च ते जून संध्याकाळी आठ ते सकाळी आठ लाइट चालू ठेवा आणि दिवसा झाडांना झोपू द्या. झाडाला बारा तास उजेड हवा असतो, तो कोणत्या बारा तासांत मिळाला याच्याशी त्याला देणंघेणं नाही. थंडीत उलट करा, दिवसा लावा.

साधा फिरता टायमर घ्या. त्याला बॅटरी नसली तर वीज जाऊन आल्यावर तो तेवढा मागे पडतो, म्हणून आठवड्यातून एकदा घड्याळाशी जुळवा. बारा तासांच्या पुढे जाऊ नका, विशेषतः पालक असेल तर. दिवस मोठा झाला की पालकाला लगेच तुरा येतो आणि पानं चिवट होतात.

पाणी रोज येत नाही. मग हे कसं चालवायचं?

उजनीचं पाणी नळाला रोज येत नाही हे गृहीत धरूनच रॅक उभा करायचा. चार मजल्यांना थंडीत दिवसाला पाच-सहा लिटर, उन्हाळ्यात आठ-दहा लिटर लागतं. एक बादली. वाफ्यातल्या भाजीपेक्षा हे कितीतरी कमी, कारण पाणी जमिनीत मुरून जात नाही. ट्रेच्या खाली बिनभोकाचा दुसरा ट्रे ठेवा आणि पाणी खालच्या ट्रेमध्ये ओता. वीस मिनिटांत माध्यम हवं तेवढं ओढून घेतं, उरलेलं पुढच्या ट्रेला.

साठवलेल्या बॅरलवर फडकं बांधा, डासांच्या अळ्या होऊ देऊ नका. नळाचं पाणी रात्रभर तसं राहिलं की त्यातला क्लोरीनचा वास उडतो.

बोअरचं पाणी असेल तर जरा थांबा. आपल्याकडचं बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड, क्षारांचं. काही आठवड्यांत माध्यमावर पांढरा थर दिसतो, आणि नवी पानं पिवळी पण शिरा हिरव्या अशी लक्षणं येतात. हे लोह कमी पडल्याचं लक्षण. लोह असतं, पण अल्कलीमुळे मुळांना घेता येत नाही. पाण्यात चिमूटभर लिंबूसत्व विरघळवून पीएच पट्टीवर ६ ते ६.५ येईल असं करा. महिन्यातून एकदा माध्यमातून भरपूर पाणी सोडून क्षार धुऊन काढा. पाणी एकदा तपासून घ्याच.

आरओ मशीन सोडतं ते पाणी झाडांना घालू नका, त्यात क्षार एकवटलेले असतात. फरशी पुसायला वापरा. एसीच्या नळीतून पडणारं पाणी मात्र जवळपास क्षारमुक्त असतं. बोअरच्या पाण्यात ते मिसळा, दोन्हीचा उपयोग होतो.

माती की कोकोपीट?

घरात माती नको. आपली काळी माती ओली झाली की चिकट, वाळली की भेगाळते, आणि जड तर आहेच. कोकोपीटची पाच किलोची वीट भिजवली की साठ-सत्तर लिटर होते. वापरण्याआधी दोनदा स्वच्छ पाण्यात भिजवून पिळा, त्यातलं मीठ निघून जातं. पालेभाजीसाठी त्यात एक तृतीयांश चाळलेलं गांडूळखत. अंकुरांना खत लागतच नाही, दाण्यातला साठा पुरतो. पालेभाजीला तीन आठवड्यांनंतर एकोणीस-एकोणीस-एकोणीस हे पाण्यात विरघळणारं खत, लिटरला एक ग्रॅम, आठवड्यातून एकदा. पान गडद हिरवं दिसावं म्हणून जास्त टाकू नका.

कोणत्या महिन्यात काय लावू?

थंडीत, म्हणजे गड्ड्याच्या यात्रेच्या आगेमागे, सगळंच येतं : मेथी, पालक, कोथिंबीर, शेपू, लेट्यूस. करडईची भाजी विसरू नका. आपल्या भागाची ही रब्बीची भाजी, शेतात विरळणी करताना काढलेली कोवळी रोपं. रॅकवर दाट पेरून तीन आठवड्यांत, काटे यायच्या आत कापायची. लसणाच्या फोडणीत ज्वारीच्या भाकरीसोबत तिला तोड नाही, आणि शहरात ती मिळणं अवघड होत चाललंय, म्हणून आवर्जून सांगते.

मार्चपासून लेट्यूस आणि पालक बंद. लेट्यूसचं बी तीस अंशांच्या पुढे उगवायलाच तयार होत नाही. माठ, राजगिरा, घोळ, आंबट चुका, पुदिना हे उन्हाळ्याचे सोबती. त्यातल्या माठ-राजगिऱ्याला तर उष्णता आवडतेच. पावसाळ्यात हवा दमट असते, बुरशीवर नजर ठेवून मेथी आणि माठ घ्या.

कोथिंबीर उगवतच नाही.

धण्याचा एक दाणा म्हणजे दोन बिया एकत्र. दाणे ताटात पसरा आणि लाटणं हलक्या हाताने फिरवा. कटकन आवाज होऊन दोन डाळिंब्या सुट्या झाल्या पाहिजेत, भुगा व्हायला नको. मग रात्रभर पाण्यात भिजवा, सकाळी फडक्यावर निथळून पेरा, वर अर्धा सेंटिमीटर कोकोपीट. सात ते दहा दिवस थांबावं लागतं आणि तेवढे दिवस वरचा थर एकदाही सुकू द्यायचा नाही. सोलापुरातली कोरडी हवा तो अर्ध्या दिवसात सुकवते, आणि बहुतेकांची कोथिंबीर तिथेच जाते. ट्रेवर ओलं गोणपाट झाका, कोंब दिसताच काढा. एप्रिलनंतर पेरायचीच असेल तर घरातल्या सगळ्यात गार कोपऱ्यात उगवून घ्या आणि मग रॅकवर आणा.

बी किराणा दुकानातलं चालेल का?

मेथी, मोहरी, धणे, राजगिरा : चालतं, जुनं किंवा भाजलेलं नसलं म्हणजे झालं. एका ओल्या फडक्यात वीस दाणे बांधून बघा, पंधरा तरी फुटले पाहिजेत.

बियाण्याच्या दुकानातल्या पाकिटातलं गुलाबी, हिरवं, निळं दिसणारं बी मात्र अंकुरांसाठी कधीही वापरू नका. तो रंग बुरशीनाशकाचा असतो. शेतात ते ठीक, पण आपण आठ-दहा दिवसांत अख्खा कोंब खाणार. प्रक्रिया न केलेलं बी मागा. दुकानदाराला सांगता आलं नाही तर घेऊ नका.

मुळ्याच्या अंकुरांवर पांढरी बुरशी आली, फेकून देऊ?

आधी नीट पाहा. मुळा आणि मोहरीच्या मुळाभोवती बारीक पांढरी लव येते, अगदी कापसासारखी. पाणी शिंपडा. लव असेल तर मुळाला चिकटून दिसेनाशी होते. बुरशी कोळ्याच्या जाळ्यासारखी एका रोपावरून दुसऱ्यावर पसरलेली असते, पाण्याने जात नाही आणि कुबट वास येतो. बुरशी असेल तर अख्खा ट्रे टाका, आणि ट्रे ब्लीच टाकलेल्या पाण्याने धुऊन उन्हात वाळवा. इथलं ऊन यासाठी अगदी कामाचं.

रोपं बुडाशी काळी पडून कोलमडत असतील तर बी फार दाट पडलंय आणि वारा नाही. सहा इंची छोटा पंखा रॅकच्या बाजूने, पानं जेमतेम हलतील इतकाच सोडा.

कूलर चालू असलेल्या खोलीत ठेवू का?

ठेवा. तापमान उतरतं आणि हवेत ओल येते, दोन्ही हवंच असतं. फक्त कूलरचा झोत थेट झाडांवर नको आणि एक खिडकी उघडी हवी. उजेड डोळ्यांवर येतो म्हणून काही जण रॅकभोवती चादर गुंडाळतात. आत हवा कोंडते, उष्णता साठते. झोपायच्या खोलीत ठेवायचाच असेल तर रॅकच्या एका बाजूला, वीतभर अंतर सोडून पडदा टांगा.

कीड?

कोरड्या उन्हाळ्यात लाल कोळी, थंडीत मावा, ओल जास्त झाली की चिलटं. पानाची खालची बाजू आठवड्यातून दोनदा बघा. आधी नुसत्या पाण्याचा फवारा, त्याने निम्मं काम होतं. मग लिटरला पाच मिली नीमतेल आणि थोडा साबण, लाइट बंद असताना. चिलटांसाठी पिवळे चिकट सापळे, आणि पाणी कमी करा.

विजेची जोडणी स्वतः केली तर?

वायरमनकडून करून घ्या. पाणी आणि वीज एकाच चौकटीत आहेत आणि चौकट लोखंडाची आहे. रॅकला अर्थिंग हवं, आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवलाच पाहिजे. गळती झाली तर तो वीज तोडतो, साधा एमसीबी माणसाला वाचवत नाही. एक्स्टेंशन बोर्ड जमिनीवर नको, भिंतीवर उंच लावा. प्रत्येक वायर सॉकेटमध्ये जाण्याआधी खाली झोळ घेऊन वर जाऊ द्या. वायरवरून ओघळलेला थेंब त्या झोळाच्या तळाशी येऊन खाली पडतो, सॉकेटमध्ये शिरत नाही. पाणी घालताना मेन स्विच बंद. पैसे वाचवायचे असतील तर रॅकमध्ये वाचवा, इथे नाही.

परदेशी व्हिडिओंमध्ये अशाच रॅकवर गांजा लावतात. इथे चालेल का?

नाही. कॅनडासारख्या देशात २०१८ पासून कायद्याने मुभा आहे, म्हणून ते व्हिडिओ उघडपणे दिसतात. भारतात १९८५ च्या एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्यानुसार परवान्याशिवाय गांजाचं झाड लावणं गुन्हा आहे, मग ते शेतात असो की खोलीत. कलम २० प्रमाणे लागवडीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. उत्तराखंडात औद्योगिक भांगेचे परवाने देतात हेही पुष्कळ जण सांगतात, पण तो तिथला सरकारी परवाना आहे, आपल्या घरातल्या कुंडीला लागू होत नाही. रॅक, ट्यूब, टायमर यांत बेकायदा काहीच नाही. भाजी लावा, शेजाऱ्यांना बोलावून दाखवा.

चार दिवस गावाला जायचंय. रॅकचं काय?

तयार अंकुर निघायच्या आदल्या रात्री कापा, ओल्या फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवा किंवा शेजारी द्या. नवे ट्रे पेरू नका. पालेभाजीच्या कुंड्यांत जाड सुती दोरी खोचून दुसरं टोक पाण्याच्या बादलीत सोडा, बादली कुंडीच्या पातळीला किंवा किंचित वर ठेवा. कपडा विणायचं सूत चारपदरी करून घेतलं तरी पाणी छान चढतं, फक्त नायलॉन नको. टायमर आठ तासांवर आणा, वाढ मंदावते आणि पाणीही कमी लागतं. खिडकी बोटभर उघडी. मे महिना असेल तर शेजारच्या काकूंना किल्ली देऊन जा आणि बादली कुठली ते दाखवून ठेवा.